बकुळीच्या रकान्यातलं शून्य

दुकानात नवीन माणूस आला की भिंतीवरची यादी वाचून हमखास विचारायचा, "बाई, हापूसची कलमं ठेवता का?"

यादीत हापूस नव्हता. फणस, चिंच, जांभूळ, बकूळ, रातांबा अशी चौदा झाडांची नावं होती आणि प्रत्येक नावापुढे तांबडी किंवा हिरवी खूण होती. पण माझी रोपवाटिका नव्हती. मी रत्नागिरीत एसटी स्टँडपासून चार मिनिटांवर इंटरनेटचं दुकान चालवत होते. प्रत्येक झाड म्हणजे एक कंपनी. हिरवी खूण म्हणजे हिच्याकडे नाव-पत्ता द्यायला हरकत नाही, तांबडी म्हणजे लांब राहा. कंपनीचं खरं नाव भिंतीवर लिहून वकिलाची नोटीस कशाला घ्यायची, असं आमच्या ह्यांचं म्हणणं. हे शाळेत शिक्षक, स्वभावाने सावध. म्हणून भिंतीवर झाडं, आणि कुठलं झाड म्हणजे कोण ते माझ्या वहीत.

ही यादी कशी सुरू झाली आणि तिच्यातली एक खूण मी कशी चुकवली, ते सांगते.

१९९८ साली माझा टायपिंगचा क्लास होता, नऊ मशीनचा. पुढल्या वर्षी त्यातली पाच मशीन काढून दोन संगणक ठेवले आणि इंटरनेट घेतलं. दुकानात फोनची लाइन एकच, त्यामुळे इंटरनेट चालू असलं की फोन बंद. माझं गिऱ्हाईक निम्मं बायकांचं होतं. नवरे मस्कतला, दोह्याला, कुवेतला. त्या शेजारी बसून सांगायच्या, मी टाइप करायची. बाई असल्यामुळे माझ्यापाशी बोलायला त्यांना संकोच नव्हता. सासूचं, दिराचं, मुलांच्या आजारपणाचं, नको तेही कानावर पडायचं. दुकानात ऐकलेलं उंबऱ्याच्या आत ठेवून घरी जायचं, हा माझा नियम. तो मी एकदाही मोडला नाही, हे मी खात्रीने लिहू शकते.

पण गिऱ्हाइकाचं गुपित मी राखलं तरी पुढची कंपनी राखते का, हा प्रश्न सुरुवातीला माझ्या डोक्यातही नव्हता. तो सावंतभाऊंमुळे आला.

सावंतभाऊ तलाठी कार्यालयातून निवृत्त झालेले. मुलगा परदेशी बोटीवर, म्हणून त्यांना ईमेलचा पत्ता हवा होता. पत्ता फुकट मिळायचा, फक्त एक फॉर्म भरायचा. त्यात तेवीस प्रश्न. वय काय, शिक्षण काय, उत्पन्न किती, घरात माणसं किती, आवड कशाची. मी म्हटलं, "भाऊ, चांदणीची खूण आहे तेवढंच भरू. बाकीचं सोडून देऊ."

"सोडायचं कसं? कोरा रकाना म्हणजे लपवाछपवी," ते म्हणाले. "उद्या चौकशी आली म्हणजे?"

त्यांनी तेवीसच्या तेवीस प्रश्नांची खरी उत्तरं दिली. आजारांच्या यादीत मधुमेहावर खूण करायला लावली. शेवटी विचारलं, "सही कुठे करायची? आणि तिकीट चिकटवायला जागा दिसत नाही." आपल्याकडची कितीतरी शहाणी माणसं हीच चूक करायची. छापील चौकट दिसली की समोर सरकार बसलंय असं धरून चालायचं.

पत्त्याची दुसरी ओळ मात्र अडली. त्यांचं घर म्हणजे नाव, वाडी, गाव, एवढंच. दुसऱ्या ओळीत जवळची खूण मागत होते आणि ती भरल्याशिवाय फॉर्म पुढे सरकत नव्हता. भाऊ तेवढ्यात पाणी प्यायला उठले होते. मी आपलं ठोकून दिलं, फणसाच्या झाडाजवळ.

अडीच महिन्यांनी भाऊ एक पाकीट घेऊन आले. साखरेवरच्या औषधाची जाहिरात होती, कुठल्यातरी तिसऱ्याच कंपनीची.

"बाई, माझ्या सातबाऱ्यावर फणस नाही," ते म्हणाले.

"म्हणजे?"

"काजू आहेत, दोन चिंचा आहेत, तळाला बांबूचं बेट आहे. फणस माझ्या आजोबांच्या वेळीही नव्हता. मग या पत्त्यात कुठून आला?"

मी पाकीट पाहिलं. इंग्रजीत स्वच्छ छापलेलं, 'निअर फणस ट्री'. तो फणस जगात फक्त एकाच ठिकाणी उगवला होता, मी भरलेल्या त्या फॉर्ममध्ये. ईमेलवाल्या कंपनीने भाऊंचा पत्ता आणि भाऊंची साखर, दोन्ही औषधवाल्याला दिली होती. याहून सरळ पुरावा मिळाला नसता.

त्या दिवसापासून मी प्रत्येक कंपनीला एक झाड दिलं. आमच्या खेड्यांत पोस्टमनला नाव आणि वाडी पुरते, मधल्या ओळीत काय लिहिलंय ते तो बघतही नाही. त्यामुळे झाड खोटं असलं तरी पत्र पोचायचंच. फॉर्म भरण्यापूर्वी मी विचारायची, "अंगणात काय काय आहे?" आणि जे नाही ते झाड पत्त्यात घालायची. गिऱ्हाइकाला सांगून ठेवायची की अमुक झाडाच्या नावाने काही आलं तर पाकीट मला आणून दाखवा. वहीत सहा रकाने: तारीख, कंपनी, झाड, गिऱ्हाईक, किती दिवस झाले, किती पत्रं आली.

शिवाय कंपन्या खाली बारीक अक्षरांत आपलं गोपनीयतेचं धोरण लिहायच्या, तेही मी वाचायची. एकीचं छापून घेतलं तर अकरा पानं झाली. शब्दकोश घेऊन बसले. 'आम्ही आपली माहिती देऊ शकतो', 'वापरू शकतो', 'निवडक भागीदारांना कळवू शकतो', असं 'शकतो' एकतीस वेळा होतं. 'देणार नाही' दोनदा. फॉर्मच्या तळाशी एक छोटी चौकट असायची, 'भागीदारांकडून माहिती यावी अशी माझी इच्छा आहे', आणि तिच्यात बरोबरची खूण त्यांनी आधीच करून ठेवलेली. ती खूण मी दरवेळी काढायची. पण मला धोरणापेक्षा झाडांवर जास्त भरवसा होता.

दोन वर्षांत चौदा झाडं झाली. सहा तांबडी, आठ हिरवी. गावोगावची माणसं फॉर्म भरण्यापूर्वी विचारायला येऊ लागली. "बाई, चिंचवाली चालेल काय?" "नको, जांभळावर जा." खोटं कशाला बोलू, मला त्याचा अभिमान वाटत होता.

बकूळ म्हणजे मुंबईची एक कंपनी. आखातातल्या नोकऱ्यांसाठी संगणकावर नाव नोंदवून घ्यायची. शिक्षण, अनुभव, पासपोर्टचा नंबर, घरचा पत्ता, सगळं. मी तिच्याकडे दोन नावं नोंदवली होती. आठ महिने झाले होते, आलेली पत्रं शून्य. हिरवी खूण.

फेब्रुवारीच्या शेवटी शाहीन आली. बत्तीस वर्षांची, खाडीकाठच्या एका गावात बालवाडीची शिक्षिका. नवरा जाऊन चार वर्षं झाली होती. सहा वर्षांच्या मुलीला घेऊन भावाच्या घरी राहत होती. भाऊ युसूफभाई, मासळीचा व्यापार करणारे, बहिणीला जपणारे, पण घरातली बाई एकटी परदेशी जाणार नाही असं एकदा बोलून बसलेले. शाहीनची मावशी मस्कतला होती. तिथल्या लहान मुलांच्या शाळेत शिकवायला जावं, पुढे मुलीलाही न्यावं, असं शाहीनच्या मनात होतं.

"भाईला आत्ता काही कळायला नको," ती म्हणाली. "हातात नोकरीचा कागद असला की मी त्याच्याशी बोलेन. रिकाम्या हाताने बोलले तर तो एकदाच नाही म्हणेल, आणि मग तो शब्द फिरवणार नाही. बाई, घरी कसला कागद येणार नाही ना?"

मी वही उघडली. बकुळीच्या ओळीवर बोट ठेवून तिला दाखवलं. "आठ महिने. एकही पत्र नाही. हे बघ."

तिने बघितलं. मग फॉर्म भरला. अंगणात काय आहे ते मी नेहमीसारखं विचारलं. माड आणि एक भेंड, असं ती म्हणाली. मी बकूळ लिहिली.

बारा दिवसांनी, शिमग्याला, दत्ताराम दुकानात आला. बकुळीकडे नोंदवलेल्या दोन नावांपैकी हा एक. वेल्डर, आखातातलं काही जमलं नाही म्हणून मुंबईला कामाला लागलेला. पालखी घरी येणार म्हणून गावी आला होता. त्याने पिशवीतून पाच पाकिटं काढून टेबलावर ठेवली.

"बाई, ही काय भानगड? आमच्या दारात बकूळ हाय काय?"

"कधी आली ही?"

"आता कुलूप काढलं तर दाराच्या आत पडलेली. पोस्टमन फटीतून सरकवून जातो ना. गणपतीत आलोच नव्हतो, घर बंदच व्हतं."

पाच पाकिटं, तीन वेगवेगळ्या एजंटांची. पाचही बकुळीजवळची. एकात तर लिहिलं होतं की तुमची जागा राखून ठेवली आहे, मूळ पासपोर्ट घेऊन या. पहिल्या पाकिटावरचा पोस्टाचा शिक्का बघितला. फॉर्म भरल्यापासून सव्विसाव्या दिवसाचा.

सावंतभाऊ दुसऱ्या संगणकापाशी मुलाचं पत्र वाचत होते. चष्मा वर करून त्यांनी पाकिटं बघितली, मग माझी वही ओढून घेतली.

"इथे शून्य लिहिलंय ते कशावरून?"

"कोणी आणून दाखवलं नाही म्हणून."

"आणि घर बंद आहे हे ठाऊक होतं?"

"नव्हतं."

"म्हणजे तुम्ही बांधावर न जाता पीकपाहणी लिहिलीत," भाऊ म्हणाले. "आमच्यात कचेरीत बसून सातबारा भरणारे होते, त्यांना मी फार नावं ठेवायचो. तुम्ही तर शिकलेल्या."

कोऱ्या रकान्यावरून ज्या माणसाची मी मनातल्या मनात गंमत केली होती, त्याला माझा रकाना कोरा राहायला हवा होता हे कळलं. मला नव्हतं कळलं. पत्र आलं नाही आणि पत्र आल्याचं मला माहीत नाही, या दोन गोष्टी मी एकाच आकड्यात लिहून मोकळी झाले होते. बकुळीची खूण मी तिथल्या तिथे तांबडी केली.

पण शाहीनच्या घराला कुलूप नव्हतं. सव्वीस वजा बारा, चौदा दिवस उरले होते, आणि तेही दत्तारामच्या हिशेबाने. लवकरही येऊ शकत होतं.

मी बकुळवाल्यांच्या मुंबईच्या ऑफिसात फोन लावला. तिथल्या मुलीने गोड आवाजात सांगितलं, "मॅडम, नाव आम्ही काढून टाकतो. पण यादी पुढे गेली असेल तर ती आमच्या हातात नाही." भागीदार कोण, ते तिला सांगता येणार नव्हतं. ते गोपनीय होतं.

रात्री जेवताना ह्यांना सांगितलं. हे म्हणाले, "तिथल्या पोस्टमनला गाठ. म्हणावं, शाहीनचं पाकीट आलं तर माझ्याकडे दे."

"दुसऱ्याचं पत्र वाटेत अडवायचं?"

"तिच्या भल्यासाठीच ना."

"बकुळवालेही गिऱ्हाइकाच्या भल्यासाठीच म्हणतात," मी म्हटलं. ह्यांनी मग ताक मागितलं आणि विषय संपला.

दुसऱ्या दिवशी दुकान बंद ठेवून एसटीने निघाले. वाटेत बकुळीच्या दुसऱ्या माणसाचं गाव लागतं, तिथे आधी उतरले. तो आईबापांसह मुंबईला गेलेला. घर बंद. खिडकीच्या गजांतून आत पाहिलं. दारामागे धुळीत चार पाकिटं पडली होती. वरच्या पाकिटावर उजेडाचा पट्टा होता, बकूळ वाचता आली. आठ महिन्यांत तासाभराचा प्रवास करून मी हे केव्हाही बघू शकले असते.

शाहीनची बालवाडी सुटायची वेळ झाली होती. मुलं गेल्यावर आम्ही लहान बाकांवर बसलो. मी काही लपवलं नाही.

तिने एक पाटी उचलून पुसली. मग म्हणाली, "तुम्ही वहीत दाखवलं होतंत, बाई."

"हो. वहीत चूक होती. माझी."

"मी आणखी कुणाला विचारलंही नाही. म्हटलं, बाईंच्या वहीत आहे."

पोस्टमनची युक्ती मी तिला सांगितली नाही, पण ती तिलाही सुचली होती. तीच म्हणाली, "पोस्टमनला सांगता येईल. पण उद्या तोच भाईला बोलेल. मग भाई म्हणेल, गाव जाणतो, एक मी सोडून." तिने खडू डब्यात टाकला. "मीच सांगते आज. कागद नाही तर नाही."

"मी येऊ का बरोबर?"

"नको. तुम्ही आलात तर त्याला वाटेल बाईंनी शिकवलं."

त्यानंतर अकरा दिवस काही कळलं नाही. या वेळी मी वहीत शून्य लिहिलं नाही. रकाना कोराच ठेवला.

बाराव्या दिवशी सकाळी युसूफभाई दुकानात आले. मी त्यांना पूर्वी पाहिलं नव्हतं. उंच माणूस, दाढीत पांढरं आलेलं. एकदा भिंतीवरची यादी वाचली, मग बसले. खिशातून पाकीट काढून माझ्यासमोर ठेवलं. लांबट, पांढरं, न फोडलेलं.

"हे तुमचं," ते म्हणाले. "बकुळीजवळ असं लिहिलंय. आमच्यात बकूळ नाय."

"नाव शाहीनचं आहे, युसूफभाई."

"तिलाच दिलं मी. ती म्हणाली, बाईंना नेऊन दे, त्यांना वहीत लिहायचं असेल."

"तिने वाचलं नाही?"

"मी विचारलं, फोडायचं नाय? तर बोलली, आत काय आहे ते मला माहीत आहे. माझंच आहे, मला विकायला आणलंय."

मी म्हटलं, "चूक माझी आहे. तिला मी खात्री दिली होती."

"ते तिने सांगितलं. तुम्ही गावात येऊन कबूल केलंत, तेही सांगितलं. बाई, मला एक समजवून सांगा. पाकीट मला बंदरावर मिळालं, पोस्टमन तिथेच देतो आमचं. घरी जाईपर्यंत चार तास माझ्या खिशात होतं. मी तिचा सख्खा भाऊ. मला फोडावंसं वाटलं नाय असं नाय. पण तिच्या नावाचं होतं, नाय फोडलं. मग हा मुंबईचा माणूस, ज्याने तिचं तोंड पाहिलं नाय, त्याला कसं कळलं तिला कुठे जायचंय ते?"

मी त्यांना भागीदार म्हणजे काय ते सांगितलं. एकतीस वेळचं 'शकतो' सांगितलं. आधीच केलेली खूण सांगितली. त्यांनी सगळं ऐकून घेतलं.

"म्हणजे तिने जे मला सांगायला भिऊन लपवलं, ते यांनी बाजारात मांडलं."

"हो."

"आणि ती मला का भ्याली, ते मी बघायला हवं," ते हळूच म्हणाले. ते स्वतःशीच बोलत होते. मग उठता उठता त्यांनी विचारलं, "तर आता तिला पाठवायची म्हणजे कुठल्या कंपनीतून पाठवायची? पण बघून सांगा. वहीतलं नको."

"बघून सांगायचं तर तीन महिने लागतील."

"थांबतो," ते म्हणाले.

त्या दिवशी माझी पद्धत बदलली. तोवर मी दुसऱ्यांच्या दारात झाडं लावत होते, आणि पत्र आलंच तर ते त्यांच्या घरात पडत होतं. पत्राचा त्रास मला नव्हता, फक्त आकडा माझा होता. आता नवी कंपनी आली की पहिला फॉर्म माझ्या नावाने, माझ्या घरच्या पत्त्यावर. बंद घर नाही, कोणाच्या आणून दाखवण्यावर भरवसा नाही. आमच्या ब्लॉकच्या गॅलरीत एक तुळस आणि डब्यातली कोरफड. पण पोस्टाच्या हिशेबाने त्या वर्षी माझ्या दारात आवळा, सुरंगी, बेहडा आणि किंजळ उभे होते. पोस्टमनने ह्यांना विचारलंही, "मास्तर, बाग कधी घेतलीत?"

बेहड्याचं नववं पत्र आलं तेव्हा ह्यांनी त्यांची रद्दी वेगळी बांधायला सुरुवात केली. आवळ्याचं एकही आलं नाही. तीन महिने, शंभर टक्के पाहिलेलं शून्य. शाहीनचं नाव आवळ्याकडे नोंदवलं. पुढल्या वर्षी शाळा सुरू होण्याआधी ती मस्कतला गेली, आणि दोन वर्षांनी मुलीलाही नेलं.

२००७ साली मी दुकान आवरलं. भिंत रंगवून घेतली तरी यादीतल्या खुणा अंधुक दिसत होत्या. चौदाच्या पुढे एकवीस झाडांपर्यंत गेले होते. त्यातल्या किती खुणा बरोबर होत्या असं कोणी विचारलं तर आवळ्यापासून पुढच्या सगळ्या, हे मी छातीवर हात ठेवून सांगेन. आधीच्या हिरव्यांबद्दल मी 'माहीत नाही' असं लिहून ठेवलंय. ती नोंदही माझ्या कामाचाच भाग आहे.

शाहीन गेली त्या आठवड्यात युसूफभाई पुन्हा आले. बहिणीला लिहायला ईमेलचा पत्ता हवा होता. मी फॉर्म उघडला. नाव लिहिलं, गाव लिहिलं, दुसऱ्या ओळीशी थांबले आणि विचारलं, "अंगणात काय काय आहे?"

"माड आहेत. भेंड आहे." मग ते जरा पुढे झुकले. "बाई, एक बकुळीचं रोप लावलंय यंदा. शाहीनने जाताना लावलं, तुमच्या नावाने हसत हसत. ते तेवढं लिहू नका."